चिकटवलेली नावं

१

सकाळी दहा वाजले की आमच्या घरात सगळ्यांनी हळू बोलायचं असतं. माझी सून शिवकन्या त्या वेळी बाहेरच्या खोलीत पलंगावर पाठीला उशा लावून बसते, समोर घडीचं टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि पुण्या-नाशिकच्या मुलांना गणित शिकवते. तिचे दिवस भरत आलेत. डॉक्टरबाईंनी चालणं-फिरणं बेतानं सांगितलंय, म्हणून मुलगा शंभुलिंग सोलापूरला नोकरीवर आणि ती इथं उमरग्यात आमच्यापाशी. तो शनिवारी येतो. यांचं हायवेला पाइप-मोटारीचं दुकान. नऊला जातात ते दोनला जेवायलाच येतात. मधल्या वेळात घरात आम्ही दोघी, आणि तिच्या पोटातलं.

मी लिंगपूजा उरकून, विभूती लावून भाकरीला बसते. तव्याचा वास, हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची घरघर आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज. त्या मुलांना येतं की नाही ठाऊक नाही, पण त्रिकोणाचे तीन कोन मला आता पाठ झालेत.

गौरी बसल्या त्या आठवड्यात तो आवाज पहिल्यांदा मध्येच तुटला. लॅपटॉप आपसूक बंद पडला होता. मी पिठाच्या हातानं दारात गेले तोवर तो आपसूक चालूही झाला होता. पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि बाकी काही दिसायच्या आधी एक फाईल स्वतःहून उघडली. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ, ओम नमः शिवाय.

शिवकन्या हसली. म्हणाली, "तुमच्या जपाची फाईल, आत्या. दर्शन दिल्याशिवाय सुरूच होईना बघा."

मीही हसले. आत आले तर तव्यावरची भाकरी जळून गेली होती.

२

ती फाईल काय आहे, ते आता लिहायलाच हवं. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही, फक्त एकीला सांगितलं, ते पुढं येईल.

शिवकन्येची ही तिसरी खेप. पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. दुसरं सातव्यात, डॉक्टरबाई म्हणाल्या ठोके लागत नाहीत, आणि दोन दिवस ती तशीच त्याला घेऊन दवाखान्यात पडून होती. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा मी मठात गेले. तिथल्या अय्यांनी, आमच्या गुरूंनी, लिखित जप सांगितला. सव्वा लाख वेळा पंचाक्षरी लिहायची, रोज एका बैठकीत, मुक्यानं, आणि स्वतःच्या हातानं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पुरा करायचा.

मी आयुष्यभर व्रतं केलीत. सोळा सोमवार केले, चातुर्मासात मीठ सोडलं, पायात चप्पल घातली नाही. एकही अर्धं टाकलं नाही. पण या वेळी हातानं दगा दिला. उजव्या अंगठ्याशेजारची तीन बोटं बधिर व्हायला लागली. आषाढ सरता सरता एकतीस हजार झाले होते, आणि पेन हातातनं गळून पडायचं.

शिवकन्येला माझी दया आली. लॅपटॉपवर लिहा म्हणाली, तेही हातानंच की. मी अय्यांना विचारलं. त्यांनी हरकत घेतली नाही. तिनं मला शिकवलं. ओमसाठी दोन बटनं, मग लांब पट्टी. नमःसाठी पाच, मग पट्टी. शिवायसाठी सहा. आणि खालच्या ओळीवर जायला उजवीकडचं मोठं बटन, ते जोरात. दोन, पाच, सहा, मोठं. चाळीस नावांचं एक पान व्हायला मला पाऊण तास लागला, पण ते पान माझं होतं.

पुढं एकदा भजनी मंडळातल्या बायकांची यादी करताना तिनं मला आणखी एक युक्ती दाखवली. लिहिलेलं निवडायचं, दोन बटनं दाबायची, आणि पाहिजे तिथं जाऊन पुन्हा दोन. लिहिलेलं तसंच्या तसं चिकटतं.

श्रावणातला तिसरा सोमवार गेला. चौऱ्याण्णव हजार राहिले होते. शिवकन्या दुपारची झोपली होती. मी एका पानाची दोन केली. दोनाची चार. चाराची आठ. कणकेच्या गोळ्यावर घडी घालत जावी तसं ते वाढत गेलं. खाली कोपऱ्यात पानांचा आकडा दोन हजार तीनशे पन्नास झाला तेव्हा थांबले. बशीतला चहा कोमट होता अजून.

मठात सांगितलं, पूर्ण झाला. अय्यांनी हात जोडले. पाच जंगमांना जेवू घातलं. घरी आल्यावर शिवकन्या, तेवढं पोट सांभाळत, माझ्या पायांवर वाकली. मी पाय मागं घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.

३

महालिंगप्पाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान बसस्टँडमागं आहे. पन्नाशीचा माणूस, चष्मा कायम कपाळावर, यंत्राशी बोलायची सवय. पहिल्यांदा त्यानं गरम होत असंल म्हणून निदान केलं. उन्हात माणूसही चक्कर येऊन पडतो की, म्हणाला. पंखा काढून धूळ साफ केली, आतल्या चिपवर नवी पेस्ट लावली, रॅम बदलून बघितली. घरी आणला. तासाभरात बंद, आणि पुन्हा चालू. आणि पुन्हा ती फाईल.

मग त्यानं आपल्या पदरची डिस्क घालून आठ दिवस दुकानात चालवला. एकदाही पडला नाही. म्हणजे डिस्क खराब, ठरलं. नवी बसवली, जुनीतलं सगळं जसंच्या तसं तिच्यात उतरवलं. घरी आणला, आणि शिवकन्येनं मुलांना गुड मॉर्निंग म्हणायच्या आत बंद.

महालिंगप्पा घरी आला. बोर्ड तपासला, अर्थिंग तपासलं, इन्व्हर्टर काढून बघितला, बॅटरी काढून नुसत्या वायरीवर चालवला. शेवटी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून लॅपटॉपकडं नुसता बघत राहिला.

"अक्का, हा आजारी न्हाय," तो म्हणाला. "ह्याला कुणीतरी उठवून कामाला लावतंय."

शिवकन्या म्हणाली, काका, भूत असंल तर त्याला माझा एक तास घ्यायला सांगा. तो हसला नाही. सगळं पुसून नव्यानं भरूया म्हणाला, एका दुपारचं काम.

मी मध्येच नको म्हणाले. तिच्या क्लासचे कागद जातील म्हणून सांगितलं. ती म्हणाली, त्याची नक्कल हाय की, आत्या. तरी मी नकोच म्हणाले, आणि महालिंगप्पानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडं बघितलं. त्याच्याही गळ्यात लिंग आहे. देवाचं नाव पुसून टाकायचं कसं, हे त्याला कळलं असतं. पण मग ते नाव तिथं आलं कसं, तेही सांगावं लागलं असतं. मी एकटी असताना ती फाईल काढून टाकायला गेले होते. तर यंत्र ती कचऱ्याच्या डब्यात टाकतं. डब्याचं चित्रच असतं तिथं. माझा हात पुढं झाला नाही.

जाताना त्यानं कॅलेंडरच्या पानामागं आठवडाभराच्या वेळा उतरवून दिल्या. हे यंत्र किती वाजता पडलं ते स्वतःच लिहून ठेवतं म्हणे, आजारी माणसाचा ताप लिहितात तसं.

४

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पलंगाची चादर बदलताना शिवकन्येच्या उशीखालची डायरी खाली पडली. बाळ हललं की वेळ लिहायची, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. उघड्या पानावर तिचं बारीक, सुबक अक्षर. नऊ चाळीस. दहा पंचवीस. अकरा बारा. एक पाच.

मी कॅलेंडरचं पान आणून शेजारी धरलं. नऊ चाळीस. दहा पंचवीस. अकरा बारा. एक पाच.

मी काही अगदीच अडाणी नाही. मनाला समजावलं. लॅपटॉप तिच्या पोटापुढंच असतो. तो दचकून बंद पडला की ही दचकते, ही दचकली की बाळ हलतं. साधी गोष्ट. दोन दिवस मी या समजुतीवर व्यवस्थित जेवले, झोपले.

तिसऱ्या दिवशी तिची सोनोग्राफी होती. हे तिला गाडीतून घेऊन गेले. मी उपास आहे म्हणून मागं राहिले. लॅपटॉप टेबलावर ठेवला, चालू केला, फाईल उघडली आणि समोर पाटावर बसले. खाली पानांचा आकडा होता सहाशे नव्वद. मी दोन हजार तीनशे पन्नासवर सोडला होता. इतके दिवस मी त्या कोपऱ्याकडं बघितलंच नव्हतं.

घरात नळाचा एक थेंब पडत होता, तेवढाच आवाज.

बारा वाजून दहा मिनिटांनी शेवटच्या ओळीपुढची लुकलुकणारी उभी रेघ मागं सरकायला लागली. एक अक्षर गेलं, दुसरं गेलं. ओळ गेली, रेघ वरच्या ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली, पुन्हा निघाली. लिहिलेलं कुणी हिशेबानं वळतं करून घेत असावं तशी, घाई नाही की चूक नाही. बटनं हलत नव्हती, हे मी वाकून नीट बघितलं. तीन पानं गेली. मग पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

दीड वाजता शिवकन्या आली. सगळं बरोबर आहे, ठोके छान आहेत म्हणाली. पर्समधून डायरी काढून उशीखाली ठेवली. ती आंघोळीला गेल्यावर मी बघितली. बारा दहा. पुढं कंसात लिहिलं होतं, बाकावर बसले असताना.

५

त्याच दुपारी तिनं मला हाक मारली. बाळ लई नाचतंय, या म्हणाली, आणि माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. उजवाच हात. बधिर बोटांना काही कळणार नाही असं मला वाटलं होतं.

दोन टिचक्या. मग जरा उसंत. पाच. उसंत. सहा. आणि मग एक धक्का, जोरात.

पुन्हा दोन.

बाहेरच्या खोलीत लॅपटॉपचा पंखा थांबल्याचं मला ऐकू आलं.

"बाळ तुमच्यावर गेलंय, आत्या," शिवकन्या म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की मी तिच्याकडं बघू शकले नाही. "एका जागी बसून आपलं काम उरकत असतंय."

मी हात काढून घेतला. देवघरात गेले, पण मूर्तींकडं तोंड करून बसवेना. भिंतीकडं तोंड करून बसले. ज्या हातांना अजून नखं फुटली असतील की नसतील, त्यांच्यावर मी माझं काम टाकलं होतं. आणि ते मुकाट करत होतं. माझ्यासारखी पळवाट त्याला ठाऊक नव्हती.

६

नोव्हेंबर लागला तशी मी दोनशे पानी वही आणली. सकाळी आंघोळ करून, पेन बोटांना चिंधीनं बांधून लिहायला बसले. शिवकन्येला म्हटलं, नवा संकल्प केलाय. ती म्हणाली, तुमचा हात बघा की जरा. पण मला त्या दुखण्यात बरं वाटत होतं. पाचशे नावं झाली तेव्हा बोटं निळी पडली होती.

त्या दिवशी लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. शिवकन्येनं महालिंगप्पाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, मग, पेस्ट कुणी लावली होती. तिसऱ्या दिवशी मी शेंगाच्या पोळ्या केल्या. देवानं माझी चूक पदरात घेतली, लेकरावरचा भार उतरवला, याची मला इतकी खात्री झाली की लिहिताना डोळ्यांतनं पाणी येऊन दोन ओळी फिसकटल्या. संध्याकाळी हे म्हणाले, आज लई दिवसांनी तू गुणगुणतीयस.

चौथ्या दिवशी मी वही मांडीवर घेऊन साडेतीनशेवर आले होते, तेव्हा शिवकन्या दारात येऊन उभी राहिली. ती स्वतःहून पलंगावरून उठत नाही. एका हातात डायरी होती.

"आत्या, सकाळपासनं हललं न्हाय."

डायरी माझ्यापुढं धरली. सोमवारी अकरा वेळा, पुढं कंसात, नुसती चुळबुळ. मंगळवारी सहा. बुधवारी दोन. गुरुवारचं पान कोरं.

७

मी यांना फोन लावला. गाडी घेऊन निघतो म्हणाले, वीस मिनिटं लागतील. तिला डाव्या कुशीवर निजवलं, गार साखरपाणी पाजलं. ती माझ्याकडं बघत होती. दुसऱ्या खेपेला दवाखान्यात अशीच बघत होती, छताकडं न बघता माझ्याकडं, जणू मी काहीतरी करू शकते.

मी पलंगाशेजारी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. चहा कोमट होता तेही सांगितलं. पाय मागं घेतले नाहीत तेही. मान वर केली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिनं डायरी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "वही मिटा."

मी मिटली.

"पेन सोडा हातातनं."

चिंधीची गाठ सुटेना. दातांनी सोडली. पेन पलंगाखाली घरंगळत गेलं.

आम्ही दोघी ऐकत राहिलो. ट्रक गेले. शेजारी कुणीतरी कपडे आपटत होतं. मी मनात नाव घ्यायला लागले आणि भिऊन थांबले. तेही मोजलं जात असलं तर. तिचा हात पोटावर सपाट पडून होता. त्याच्याकडं बघत मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, ते करतंय ते करू दे. माझं काम त्यालाच करू दे.

टेबलावरचा लॅपटॉप बंद पडला.

शिवकन्येचा हात उचलला गेला. तिनं उचलला नाही, खालून उचलला गेला. दोनदा. मग पाच वेळा. तिनं डोळे मिटून घेतले, ओठ हलत होते, मोजत होती. पंखा घरघरून सुरू झाला तेव्हा हॉर्न वाजला. हे आले होते.

डॉक्टरबाईंनी तपासलं. ठोके उत्तम आहेत म्हणाल्या, कधीकधी बाळ झोपतं, पण आलात ते चांगलं केलंत. एकोणीस तारखेला दिवस भरतात, तिथपर्यंत वाट बघायची, तोवर असंच जोरात हलायला हवं, असं बजावलं. यांनी येताना पेढे घेतले.

घरी येऊन हे जेवून दुकानात गेले. मी तिच्या पायांवर चादर घातली आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसले. लॅपटॉप आमच्यामागं दोनदा पडून उठला होता. फाईल उघडीच होती.

"किती राहिलीत?" शिवकन्येनं विचारलं.

मी कोपऱ्यातला आकडा बघून सांगितला. दोनशे सहा पानं.

"रोजची किती जातात?"

तीसेक, म्हटलं.

ती गणिताची बाई. तिला कागद लागला नाही. आज तारीख सहा होती. तिनं छताकडं बघितलं, मग पोटाकडं, मग माझ्याकडं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला जागा मिळाली असती कुठंतरी बसायला.

"एकोणीसपातुर पुरायची न्हाईत, आत्या," ती म्हणाली. "दोनशे तरी आणखी चिकटवावी लागतील. लॅपटॉप इकडं आणा."

माझे गुडघे दुखतात. जमिनीवरून उठायला मला नेहमी पलंगाची कड धरावी लागते. त्या दिवशी ती न धरताच उठले.